वादळ-प्रतिकारक घराच्या माथ्यावरील तुळईचे ओतकाम

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, त्या वेळी श्रीवर्धन-मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत हजारो घरांची छपरे उडाली. भिंती जागच्या जागी उभ्या आणि वरचे छप्पर मात्र नाहीसे झालेले, असे दृश्य गावोगाव दिसले. वाऱ्याच्या रेट्याने घर कोसळते ही सर्वसाधारण समजूत या दृश्याशी जुळत नाही. वस्तुतः वारा छपराला ढकलतो त्याहून अधिक ते वर उचलतो, आणि घराची बांधणी बहुधा केवळ खाली येणारे वजन पेलण्याच्या विचाराने झालेली असते.

या उचलीचे मान काढणे कठीण नाही. वाऱ्याचा वेग सेकंदास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग केला व त्यास ०.६ ने गुणले, म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानकात मुंबईसाठी मूलभूत वेग ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. त्यावरून दाब सुमारे ११६० न्यूटन, अर्थात ११८ किलोग्रॅम वजनाइतका येतो. रिपांसह मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला सुमारे ६५ किलोग्रॅम असते. सिमेंटच्या पत्र्यांचे त्याच्या जवळपास चौथा हिस्सा. छपराच्या उतारानुसार उचल कमीअधिक होते, कडांशी व कोपऱ्यांत ती वाढते, आणि वाऱ्याकडील एखादे दार मोडले तर आतून वर रेटणारा दाबही तीत मिसळतो.

ही उचल छपराकडून भिंतीकडे नेण्याचे काम भिंतींच्या माथ्यावरून चहूबाजूंनी फिरणाऱ्या प्रबलित काँक्रीटच्या तुळईचे आहे. सहा मीटर रुंदीच्या पत्र्याच्या घरात प्रत्येक लांब भिंतीच्या वाट्याला दर मीटरमागे सुमारे ३०० किलोग्रॅम निव्वळ उचल येते. २३ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच तुळईचे स्वतःचे वजन मात्र मीटरला अवघे ११५ किलोग्रॅम भरते. म्हणजे छप्पर तुळईला कितीही घट्ट बांधले, तरी तुळई खालच्या भिंतीला बांधलेली नसेल तर छपरासह तीच उचलली जाण्याचा संभव राहतो. भिंतीचे वजन भरपूर असते, परंतु चिऱ्यांमधील चुन्या-सिमेंटचा सांधा ओढ सहन करीत नाही. यास्तव कोपऱ्यांत व दारा-खिडक्यांच्या बाजूंस पायातून निघालेल्या उभ्या सळया खाचेत काँक्रीट भरून वर आणाव्या लागतात आणि तुळईत वळवाव्या लागतात. हे काम पाया घालतानाच ठरते. मागाहून सुचून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष ओतकाम. सहा बाय नऊ मीटरच्या घराचा घेर ३० मीटर. त्या तुळईस जेमतेम १.४ घनमीटर काँक्रीट लागते. एका पोत्याचे सुमारे दहा घाणे, म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम! असे असूनही तुळई दोन-दोन, तीन-तीन तुकड्यांत ओतलेली पुष्कळदा आढळते. आदल्या दिवशीच्या काँक्रीटवर सिमेंटची साय धरते. ती न खरवडता पुढचा घाणा टाकला की दोहोंची एकजीव गाठ होत नाही. एरवी हा दोष जन्मभर झाकून राहील, कारण साधे वजन तेथे दाबच देते. वादळात मात्र तुळई वर आणि आडवी अशी दोन्हीकडे वाकते, आणि नेमकी त्या सांध्यावर उघडते. काम थांबवणे अगदीच अटळ झाले, तर ते कोपऱ्यात वा बोल्टाजवळ थांबवू नये. सांधा उभा ठेवून दुसऱ्या दिवशी खडी उघडी पडेपर्यंत घासावा.

कोपऱ्यांकडे दुर्लक्ष होते हे विशेष खेदाचे. आतल्या अंगाची सळई आतल्या कोनातच वळवली, तर ताण येताच ती सरळ होऊ पाहते व काँक्रीट उडवते. ती पलीकडच्या बाहेरील अंगापर्यंत नेऊन तेथे वळवली पाहिजे. बारा मिलिमीटरच्या सळयांचा जोड निदान ५५ सेंटिमीटर असावा, आणि तोही कोपऱ्यापासून दूर.

किनाऱ्यावरील खारी हवा उघड्या काँक्रीटसाठी तीव्र समजली जाते. तेथे मानकानुसार सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन, किमान ३० दर्जाचे काँक्रीट आणि सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा अधिक नाही इतकेच पाणी हवे. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या तुळईत दोन्ही बाजूंचे आच्छादन वजा जाता रिंगांसाठी केवळ सहा सेंटिमीटर उरतात. म्हणूनच वर उंची वीस धरली आहे. पाण्याचा हिशेब पोत्यामागे साडेबावीस लिटर. शंभर किलोग्रॅम वाळूत पाच टक्के ओल असली, तर त्यातले पाच लिटर वाळूतूनच आलेले असतात. असे घट्ट काँक्रीट नुसत्या सळईने कोचून बसत नाही. बारीक सुईचा व्हायब्रेटर लागतो. खाडीची वाळू तर टाळावीच. प्रबलित काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोग्रॅम क्लोराइड ही मर्यादा आहे. म्हणजे संपूर्ण तुळईला मिळून एक किलोग्रॅमही नाही.

कोकणापुरती आणखी एक खबरदारी. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असून कोरडा असल्यास ताज्या काँक्रीटातील पाणी शोषून घेतो, आणि तुळईचा तळ भुसभुशीत राहतो. ओतण्यापूर्वी चिरे पुरते भिजवावेत. मात्र त्यांवर पाणी साचलेले नसावे.

छपराचे बोल्ट ओतण्याआधीच खालच्या सळयांखाली आकडा अडकवून, वर लाकडी पट्टीने जागेवर धरून बसवावेत. ओल्या काँक्रीटात मागाहून खुपसलेल्या बोल्टाभोवती पोकळी राहते व त्याला सळयांचा आधार मिळत नाही. साचे दुसऱ्या दिवशी काढता येतात, पण गोणपाट ओले ठेवून पाणी साध्या सिमेंटला सात आणि पोझोलाना सिमेंटला किमान दहा दिवस द्यावे. नट त्यानंतर आवळावेत. लाकडी वासे पहिल्या उन्हाळ्यात सुकून आकसले, की पावसाळ्यापूर्वी ते पुन्हा एकदा आवळावे लागतात.