बिननावाचे पदक

गेल्या रविवारी आमच्या शेजारच्या आजीबाईंनी आम्हांला चहाला बोलावले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यांचे आजोबा यॉर्कशरमध्ये कोळशाच्या खाणीत कामाला होते. डब्यात पहिल्या महायुद्धाची दोन पदके होती. कडेवर आजोबांचे नाव, नंबर आणि रॉयल इंजिनिअर्सची अक्षरे उमटवलेली. तिसरे पदक मात्र निराळे, कागदात गुंडाळलेले. "यावर नाव नाही, तेव्हा ते आजोबांचे नसावे," आजीबाई म्हणाल्या.

खाणकामगारांना फौजेने का बोलावले, याची हकीकत आपल्याच माणसांपासून सुरू होते. २० डिसेंबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये गिव्हेन्शीजवळ जर्मनांनी हिंदी पलटणींच्या खंदकांखाली सुरुंग उडवले. त्यानंतर फेब्रुवारी १९१५ पासून ब्रिटिश सैन्याने भुयारे खणणाऱ्या खास तुकड्या उभारल्या आणि जमिनीच्या पोटात राबण्याची सवय असलेले खाणकामगार त्यांत भरती झाले. विल्यम हॅकेट हा त्यांतलाच. वय जास्त म्हणून पायदळाने त्याला नाकारले होते. जून १९१६ मध्ये त्याच गिव्हेन्शीला भुयार कोसळले. बाहेरची वाट मोकळी झाली, तरी जखमी सोबत्याला टाकून तो निघाला नाही. तेथेच गाडला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आजीबाईंचे आजोबा सुखरूप परतले आणि पुन्हा खाणीत उतरले. १४ मे १९४० रोजी अँथनी ईडन यांनी रेडिओवरून १७ ते ६५ वर्षांच्या पुरुषांना गावोगाव पहाऱ्यासाठी पुढे येण्याचे आवाहन केले. हेच पुढे होम गार्ड झाले. काम बिनपगारी. दिवसा खाणीतली पाळी, रात्री पहारा. "बाबा घरी असे दिसतच नसत," असे आजीबाईंची आई सांगे.

आम्ही तिसऱ्या पदकाची फीत पाहिली. मध्ये नारिंगी, दोन्ही कडांना हिरवी, हिरव्यात काळी बारीक रेघ. नारिंगी बॉम्बच्या आगीसाठी, हिरवी या बेटाच्या भूमीसाठी, काळी दिवे मालवलेल्या रात्रींसाठी. हे डिफेन्स मेडल. होम गार्डमध्ये तीन वर्षे सेवा करणाऱ्यास ते मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अशी पदके नाव न घालताच दिली. डब्याच्या तळाशी सहाव्या जॉर्ज राजाच्या नावाचे प्रशस्तिपत्रही निघाले. त्यावर आजोबांचे नाव होते आणि तारखा होत्या: जून १९४० ते डिसेंबर १९४४.

आजीबाईंनी काही न बोलता ते पदक उरलेल्या दोघांशेजारी ठेवले.

वाचकहो, त्याच वर्षांत आपल्यापैकी कोणाचे आजोबा मुंबईत ए. आर. पी. वॉर्डन असतील, कोणाचे पणजोबा पलटणीत. माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून पाहा. पदकाजवळ त्याचा कागद ठेवा, आणि कागद नसेल तर ऐकलेले दोन शब्द आजच लिहून ठेवा. नाहीतर आपलेच माणूस आपल्याच घरात परके होऊन पडते.