ट्यूब गेली म्हणून कोण सांगितलं?

सुपर मारिओच्या पहिल्याच टप्प्यात ढग पिवळे दिसत होते आणि आकाश शेवाळ धरलेल्या हौदासारखं हिरवट. टोपी मात्र लालच, झुडपं हिरवीच. लातूरच्या घरातला एकवीस इंची टीव्ही चाकूर, अहमदपूर, लोहा असा टेम्पोतून नांदेडला आणला, पिवळी पिन जोडली, गेमची कॅसेट खोचली, तर समोर हे. बघणाऱ्या प्रत्येकानं एकच निदान केलं, ट्यूब गेली. भंगारवाल्यानं गल्लीतूनच भाव सांगितला.

"ट्यूब गेली म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?" जुन्या बाजारातल्या एका अरुंद गाळ्यात टीव्ही टेबलावर ठेवला तेव्हा मेकॅनिकमामांनी पहिल्यांदा हेच विचारलं. चाळीस वर्षं याच कामात गेलेला माणूस. त्यांनी पाना-पेचकस हातात घेतला नाही, मागचं झाकणही उघडलं नाही. म्हणाले, "आधी गेमची पिन काढा."

पिन काढली. सिग्नल नसला की हा टीव्ही स्वतःहून निळा पडदा दाखवतो. तो आला काळा. कोपऱ्यातली पांढरी अक्षरं पिवळी. "बघा, टीव्हीचं स्वतःचं निळंबी यायलंच नाही. म्हणजे गेम चांगला, वायर चांगली. दुखणं आत हाय."

दोन मिनिटांत निम्मा टीव्ही संशयातून सुटला. पिवळ्या पिनेतून रंग वेगवेगळे येत नाहीत. तिन्ही रंगांची माहिती एकाच तारेत, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर, गाठोडं बांधून येते. ते गाठोडं टीव्हीतली आयसी सोडते आणि लाल, हिरवा, निळा असे तीन वाटे करते. त्यामुळे पिवळ्या वायरीत बिघाड झाला तर चित्र मुंग्यांनी भरेल किंवा रंग सगळेच जाऊन कृष्णधवल होईल, पण एकटा निळा कधी जाणार नाही. अमेरिकी किंवा जपानी पद्धतीचा गेम फक्त पाल जाणणाऱ्या टीव्हीला जोडला तरी चित्र बिनरंगी होतं. तिथं बिघाड कशातच नसतो, दोघांची भाषा जुळत नसते एवढंच. संगणकाच्या मॉनिटरचं उलट. व्हीजीए वायरीत पहिल्या पिनेवर लाल, दुसरीवर हिरवा, तिसरीवर निळा असा प्रत्येकाचा रस्ता स्वतंत्र. तिथं एक रंग गेला तर आधी वायर हलवून बघायची आणि टोकाची पिन वाकलीय का ते तपासायचं. २००० नंतर गावोगावच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत बसलेले जड मॉनिटर आज खेळणाऱ्यांच्या घरी येतात, आणि त्यातले कितीतरी केवळ वाकलेल्या पिनेपायी "खराब" ठरलेले असतात.

मराठवाड्यात रंगीत पडद्याचं वय मोजणं सोपं आहे. लातूर उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये, आणि दिल्लीहून दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत सुरू झालं तेही त्याच महिन्यात. पुढच्या दशकात ऐंशी-दोनशे गेम एकाच कॅसेटमध्ये कोंबलेली, जपानी यंत्राची नक्कल असलेली खेळणी लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानांपासून यात्रेतल्या स्टॉलपर्यंत पोचली. काँट्रा, बॉम्बरमॅन, मारिओ. त्या पिढीतली पोरं आज चाळिशीला आलीत आणि तेच खेळ पुन्हा खेळू बघतायत. सपाट टीव्हीवर खेळतात आणि हळहळतात.

त्यांची हळहळ भाबडी नाही, तिला कारण आहे. त्या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. जुन्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत एकेक आडवी ओळ रंगवत जातो, ओळींमध्ये बारीक काळी फट राहते आणि ठिपक्यांच्या कडा चकाकीत विरघळतात. चित्रकारांनी हे गृहीत धरूनच चित्रं काढली होती. १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा म्हणजे मुळात उभ्या पट्ट्या, पण पिवळ्या वायरीतून जुन्या टीव्हीवर आल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी आरपार दिसतं. डक हंटची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. घोडा दाबला की खेळ एक क्षण पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक त्या क्षणी उजेड दिसला की नाही एवढंच सांगतो. सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, मग दाखवतो. तोवर तो क्षण निघून गेलेला असतो.

म्हणून ट्यूब जपायची. अशी ट्यूब आता नवी मिळत नाही. गाझियाबादला सॅमटेल, मोहालीला जेसीटी या कंपन्या देशातल्या टीव्हींसाठी पिक्चर ट्यूब बनवायच्या, ते उत्पादन संपलं. आणि यातला एक मोठा अध्याय आपल्या मराठवाड्यातला आहे हे इथल्याच पोरांना ठाऊक नसतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. ऐंशीच्या दशकात तोशिबाच्या तंत्रज्ञानावर या कंपनीनं रंगीत टीव्ही काढले आणि २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा सगळा धंदाच विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले ट्यूबचे कारखाने आपल्या धूत घराण्याच्या या कंपनीकडे आले. पण काळ फिरला होता. २००७ च्या अखेरीस जगात एलसीडी टीव्हींची विक्री ट्यूबच्या टीव्हींपुढे गेली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैठण रस्त्यानं जाताना मला आजही वाईट वाटतं.

गाळ्यात आणखी तीन संच उघडे पडले होते. प्रत्येकाचं दुखणं रंगाचंच, पण जात वेगळी.

पहिल्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग. चित्र हललं तरी डाग जागचा हलत नाही, हीच त्याची ओळख. पडद्यामागे लोखंडी पत्र्याची अतिबारीक भोकांची जाळी असते. तीन गनमधून निघालेले तीन झोत किंचित वेगळ्या कोनांतून एकाच भोकातून जातात, म्हणून लालचा झोत लाल ठिपक्यावरच पडतो. जाळीत जरासं चुंबकत्व शिरलं की झोत शेजाऱ्याच्या ठिपक्यावर जातो. आपल्याकडे हे चुंबकत्व घरात आयतं असतं. लोडशेडिंगच्या वर्षांत कितीतरी घरांत इन्व्हर्टर टीव्हीच्या टेबलाखालीच बसला आणि वर होम थिएटरचा मोठा स्पीकर आला. उन्हाळ्यात कूलर शेजारी सरकवतात, त्याच्या मोटरीनं चित्र हळूहळू डुलायला लागतं. पण तो निराळा प्रकार, कूलर हलवला की डुलणं थांबतं, डाग मात्र स्पीकर हलवला तरी मागे राहतो.

तो काढण्याची सोय टीव्हीतच असते. बटण दाबताच जो "ढंग" असा घुमता आवाज येतो, तो ट्यूबभोवती गुंडाळलेल्या डीगॉस कॉइलचा. क्षणभर जोराचा उलटसुलट प्रवाह जातो, आणि पॉझिस्टर नावाचा छोटा भाग तापून तो प्रवाह हळूहळू शून्यावर आणतो. त्या ओसरत्या लाटेत जाळीचं चुंबकत्व धुऊन निघतं. पण पॉझिस्टर पुन्हा कामाला यायचा तर आधी थंड व्हावा लागतो. लगेच बंद-चालू केलेल्या टीव्हीचा डाग जात नाही, चांगला पाव तास थांबावं लागतं. आणि पुष्कळ संचांत रिमोटनं बंद केलेला टीव्ही कॉइलपुरता बंद झालेलाच नसतो. वर्षानुवर्षं रिमोटवरच चालवलेल्या टीव्हीचा डाग मामा भिंतीवरचं बटण अर्धा तास बंद ठेवून घालवतात. त्याचे पैसे ते घेत नाहीत. तेवढ्यानं गेला नाही तर हातातली मोठी कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत पाच-सहा फूट मागे येतात आणि तिथे गेल्यावरच बंद करतात. पडद्याजवळ असताना बंद केली तर डाग दुप्पट होतो. तपासायला पडदा पूर्ण लाल करायचा, लालात डाग आधी कळतो. एवढं करूनही डाग राहिला तर संच कुठून तरी पडलाय आणि आतली जाळीच वाकलीय. त्याला औषध नाही.

अक्षरांच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसली तर तो डाग नव्हे. तिन्ही झोत एका ठिकाणी भेटत नाहीयेत. ते जुळवणाऱ्या चकत्या ट्यूबच्या मानेवर असतात, कारखान्यात जुळवून रंगाच्या ठिपक्यानं पक्क्या केलेल्या. नवशिक्यांनी त्या फिरवून बिघडवलेले संच मामांकडे सर्वांत जास्त येतात. "आधी खूण करावी, मग हात लावावा," एवढं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

दुसरा संच लालभडक. चित्रावर तिरप्या बारीक लाल रेषा, ब्राइटनेस कमी केला तरी फरक नाही. इथे रंग कमी पडत नव्हता, आवरत नव्हता. मामांनी पेचकसच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं ट्यूबच्या मानेवर अलगद टिचकी मारली. लाल क्षणभर ओसरला आणि परत आला. गनच्या आत ६.३ व्होल्टचा हीटर असतो, त्याला लागूनच कॅथोड. दोघांमधलं इन्सुलेशन झिजून ते एकमेकांना टेकले की कॅथोडचा दाब खाली येतो, आणि कॅथोडचा दाब जितका खाली तितका तो रंग जास्त. बाहेरून आत हात घालता येत नाही. मग मेकॅनिक हीटरला मूळ सर्किटमधून सोडवतात आणि ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या फेराइटवर इन्सुलेटेड वायरचे दोन-तीन वेढे घेऊन त्याला वेगळी वीज देतात. शॉर्ट तसाच राहतो, पण त्याला जमिनीकडे जायला वाट उरत नाही. लाल थोडा फरफटतो, गेम मात्र खेळता येतो. ही युक्ती इथल्या मेकॅनिकांच्या हातात अजून आहे. ती लिहून ठेवायला हवी असं मला तीव्रतेनं वाटतं.

तिसरा संच खरोखर म्हातारा. चालू केल्यावर हिरवा यायला दहा मिनिटं, आणि उजळ भागात रंगाची शेपटी. हा कॅथोडचाच थकवा. हीटरला जास्त वीज देऊन त्याला काही महिने हुशारी आणता येते, पण एखाद्या वेळी त्यातच ट्यूब जाते. मामा मालकाला विचारल्याशिवाय ते करत नाहीत. "ही मात्र गेली म्हणता येईल," ते म्हणाले.

आता आमचा. मामांनी झाकण काढलं, मुख्य वीज काढून ट्यूबच्या कुशीतल्या रबरी टोपीखाली जमिनीला बांधलेला पेचकस सरकवला, बारीक चटका वाजला. रंगीत ट्यूबला सुमारे २५,००० व्होल्ट लागतात आणि काच ते बंद झाल्यावरही धरून ठेवते. हे ज्यानं कुणाकडून समोर बसून शिकलेलं नाही, त्यानं झाकण उघडू नये. मग पुन्हा वीज देऊन एक हात पाठीमागे धरून त्यांनी मानेवरच्या बेस प्लेटवर मीटर लावला. लाल कॅथोड १२५ व्होल्ट, हिरवा १२०. निळा १८०, तसूभर हलेना. म्हणजे निळ्याचा ट्रान्झिस्टर प्रवाह सोडतच नव्हता, कॅथोड वरच लटकला होता आणि झोत निघत नव्हता.

तरी ट्यूबवरचा संशय पुरता फिटला नव्हता. मामांनी एका रेझिस्टन्सचं टोक चेसीसला लावलं आणि दुसरं क्षणभर निळ्या कॅथोडला टेकवलं.

पडदा भडक निळा झाला. काठोकाठ.

"गन जित्ती हाय," ते म्हणाले, आणि भिंग घेऊन बेस प्लेटच्या मागच्या बाजूवर वाकले. ट्रान्झिस्टरच्या एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर होती. रोजच्या तापण्या-निवण्यानं ड्राय सोल्डर होऊन बसलेलं, आणि लोह्यापर्यंतच्या खड्ड्यांनी राहिलेलं पूर्ण केलेलं. जुनं सोल्डर काढलं, पाय खरवडला, नवं भरलं. त्याच हातानं लाल आणि हिरव्याचेही पाय पुन्हा भरून टाकले, कारण तिघांचं वय एकच.

पिवळी पिन जोडली. ढग पांढरे झाले, आकाश निळं. मी पैसे काढले, पण मामांनी टीव्ही सोडला नाही. झाकण उघडंच ठेवून ते म्हणाले, "तासभर तापू द्या. गरम झाल्यावर परत रुसलं तर आणखी कुठं चीर हाय." मग स्टूल ओढून बसले, दुसरा कंट्रोलर हातात घेतला आणि म्हणाले, "काँट्रा लावा. दोघांना खेळता येतं ना?"