एक रेजिमेंट शोधायची कशी? व्हर्दाँ, जून १९१६

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. आज तेच डोकं वापरून आपण पहिल्या महायुद्धातली एक फ्रेंच पायदळ रेजिमेंट शोधणार आहोत, १३७ वी.

हीच का? तर तिच्या नावावर एक आख्यायिका आहे. युद्ध संपल्यावर व्हर्दाँजवळ, थिओमाँच्या परिसरात, एका बुजलेल्या खंदकातून बंदुकांची रांग वर आलेली दिसली. खाली मृतदेह होते. मग गोष्ट पसरली, की संगिनी लावून हल्ल्याला सज्ज असलेले जवान तोफांच्या माऱ्यात उभेच्या उभे गाडले गेले. १९२० मध्ये तिथे काँक्रीटचं स्मारकही झालं, 'संगिनींचा खंदक'. आता हे खरं की खोटं, ते तपासायचं कसं?

पहिली पायरी म्हणजे रेजिमेंटची वरची साखळी. १३७ वी ही २१ व्या डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजन कुठल्या तारखांना कुठे होती, हे फ्रेंच सरकारी इतिहासाच्या दहाव्या खंडात मिळतं. त्यावरून तारखांची चौकट ठरते.

दुसरी पायरी, युनिटची डायरी. प्रत्येक रेजिमेंट 'झुर्नाल दे मार्श ए ओपेरास्याँ' लिहायची, थोडक्यात जेएमओ. मूळ वह्या पॅरिसजवळ व्हँसेनच्या लष्करी अभिलेखागारात आहेत आणि स्कॅन 'मेमॉर देझ ऑम' या सरकारी साइटवर फुकट बघता येतात. पण एक लक्षात ठेवा: लढाई पेटली की लिहिणाराच धोक्यात असतो. ज्या दिवसाची माहिती सगळ्यात जास्त हवी, त्याचीच नोंद बऱ्याचदा मागाहून लिहिलेली असते. म्हणून शेजारच्या रेजिमेंटची, ब्रिगेडची आणि डिव्हिजनची डायरीही उघडायची. एक लॉग गप्प असला की दुसरा बोलतो.

तिसरी पायरी, कंपनी. रेजिमेंट म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नव्हे. तीन बटालियन, त्यात कंपन्या. एक पुढच्या खंदकात, दुसरी मागे राखीव. 'रेजिमेंट तिथे होती' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

चौथी पायरी माझी आवडती: घड्याळ! जर्मनीने उन्हाळी वेळ ३० एप्रिल १९१६ ला लागू केली, फ्रान्सने १४ जूनच्या रात्री. त्यामुळे १२ जूनला दोन्ही सैन्यांच्या घड्याळांत दोन तासांचा फरक होता, आणि १५ तारखेपासून एकच तास. जर्मन अहवालात सकाळचे आठ असतील, तर १२ तारखेच्या फ्रेंच डायरीत ते सहा. हे जुळवलं नाही तर एकच हल्ला दोनदा झाल्यासारखा वाटतो. टाइमझोनचा बग शंभर वर्षं जुना आहे बरं का!

पाचवी पायरी, माणसं. त्याच साइटवर युद्धात मेलेल्या तेरा लाखांहून जास्त सैनिकांची कार्डं आहेत: नाव, युनिट, तारीख, जागा. पण 'बेपत्ता' माणसाची मृत्यूची तारीख पुढे कोर्टाने ठरवलेली असते. ती तारीख म्हणजे कुणी डोळ्यांनी पाहिलेला क्षण नव्हे.

आता आख्यायिकेकडे वळू. स्वतः लढलेल्या जाँ नॉर्तों क्रूने १९२९ मध्येच तिच्यावर बोट ठेवलं. त्या दिवसांत १३७ वी बचावाची लढाई लढत होती. तोफांचा मारा सुरू असताना माणूस संगीन रोखून उभा राहत नाही, जमिनीला चिकटतो. मग बंदुका? जास्त पटणारा खुलासा साधा आहे: मृतांना खंदकातच पुरून खूण म्हणून बंदुका रोवल्या असाव्यात. रणांगणावर ही पद्धत नेहमीची होती.

मग स्मारक खोटं ठरतं का? मला नाही वाटत. माणसं तिथे मेली, हे खरंच आहे. पण 'उभे राहून मेले' म्हटलं, की त्यांचे शेवटचे दिवस, म्हणजे मारा, चिखल आणि तुटलेला संपर्क, हे सगळं एका छान चित्राखाली झाकलं जातं. डायरी आणि कार्डं उघडली की ती माणसं परत एकेक करून, नावानिशी दिसायला लागतात. एवढी मेहनत त्यासाठीच.

तुम्हाला दुसरी कुठली रेजिमेंट शोधायची असेल, तर पायऱ्या याच, फक्त आकडा बदला. भेटू पुढच्या भागात!