शिशाचे चिलखत

नळदुर्गच्या तटबंदीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात, क्ष-किरणांच्या चलत्प्रतिमेवर दृष्टी ठेवून मोडलेले हाड जुळवणारा शल्यचिकित्सक ज्या शत्रूसमोर उभा असतो, तो अदृश्य असून मुख्यतः रुग्णाच्याच देहावर आदळून विखुरलेल्या किरणांच्या रूपाने येतो. त्याच्या बंदोबस्तास बुरूज लागत नाही. अर्ध्या मिलिमीटर जाड शिशाइतका प्रभावी अंगरखा विखुरलेल्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अडवतो. मात्र घडी घालून फेकल्यास त्याच्या आतील थराला भेगा पडतात, म्हणून तो रुंद दांडीवरच टांगावा. ही बाब मला क्षुल्लक वाटत नाही. कंठग्रंथीसाठी गळपट्टा आणि डोळ्यांसाठी शिसेयुक्त चष्माही हवाच, कारण मोतीबिंदूचा धोका ओळखूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये नेत्रभिंगावरील किरणमात्रेची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणली. अंगरख्याच्या आत छातीशी लावायचा, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला बिल्ला किरण अडवीत नाही, केवळ त्यांचा हिशेब ठेवतो. खुंटीवर विसरलेल्या बिल्ल्याचे दफ्तर खोटेच. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून उद्या बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांनी, तसेच त्यांच्या शेजारी उभ्या परिचारिका व कक्षसेवकांनीही, यंत्र सुरू होण्यापूर्वी हे चिलखत चढवावे, एवढीच कळकळीची विनंती.