पाच वर्षांचे पाच आकडे

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत चौकटी येतात: अमुक उमेदवाराची जमीन इतकी, सोने इतके तोळे, कर्ज इतके. त्यावरून अनेकांना वाटते की उमेदवाराचे प्राप्तिकर विवरणपत्रच जाहीर झाले. तसे होत नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, पॅन आणि मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमध्ये दाखवलेले एकूण उत्पन्न लिहायचे असते. स्वतःचे, जोडीदाराचे आणि अवलंबितांचेही. पाच वर्षांची ही अट फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. रिटर्नची प्रत मात्र जोडावी लागत नाही.

सगळी गोम इथेच आहे. ‘एकूण उत्पन्न’ म्हणजे हातात आलेला सगळा पैसा नव्हे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून ते त्यात नाही. भागीदारी संस्थेतल्या नफ्याचा वाटाही नाही. धंद्यातला जुना तोटा वळता करून घेतला की आकडा आणखी खाली येतो. त्यामुळे उत्पन्न चार लाख आणि मालमत्ता चार कोटी दिसली की लगेच ‘चोर’ म्हणणे घाईचे ठरते. वडिलोपार्जित जमिनीचा भाव कितीही चढो, ती विकेपर्यंत रिटर्नमध्ये त्याचा मागमूस नसतो. अडचण एवढीच, की खरोखर लपवणाऱ्याचे प्रतिज्ञापत्रही हुबेहूब असेच दिसते. उत्पन्नाच्या स्रोताचा रकाना आहे. पण तिथे ‘शेती व व्यवसाय’ एवढ्यावर सहज भागते.

रिटर्नची आतली पाने काय सांगतात, ते निक्सन यांच्या प्रकरणात दिसले. अमेरिकेचे अध्यक्ष असताना, दोन लाख डॉलरहून अधिक उत्पन्नावर त्यांनी १९७० साली केंद्रीय प्राप्तिकर भरला ७९२ डॉलर ८१ सेंट. ही बातमी फुटली आणि डिसेंबर १९७३ मध्ये त्यांना रिटर्न खुले करावे लागले. उपाध्यक्षपदाच्या काळातली कागदपत्रे दान केल्याची भलीमोठी वजावट त्यांनी घेतली होती. अशी सवलत जुलै १९६९ नंतर बंद झाली होती आणि दानपत्रावर तारीख मागची होती. संसदीय समितीने सुमारे पावणेपाच लाख डॉलरची थकबाकी काढली.

तेव्हापासून अमेरिकेत कायद्यानेच रिटर्न द्यावे लागते, हाही गैरसमज. तो निव्वळ पायंडा आहे. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी तपासणी चालू असल्याचे सांगून तो मोडला. स्वतःचे रिटर्न स्वतः जाहीर करायला तपासणीची आडकाठी नसते, असे करखात्यानेच स्पष्ट केले होते.

‘माहिती अधिकारात मागवू की!’ असे आपल्याकडे कुणी म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रिटर्न ही खासगी माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. सामान्य करदात्यासाठी हे योग्यच. पण सार्वजनिक तिजोरीची किल्ली मागणाऱ्याला तेच संरक्षण का? बँक खाते, पत्ता वगैरे झाकून पाच वर्षांची रिटर्न प्रतिज्ञापत्राला जोडायला हरकत नसावी, असे माझे मत.

राहिली खोट्या प्रतिज्ञापत्राची गोष्ट. निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत का ते बघतो, खरे-खोटे ठरवत नाही. गुन्हा सिद्ध झाला तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेवढ्याने आपोआप आमदारकी जात नाही. निवड रद्द व्हावी असे वाटत असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते, आणि ती मतदारालाही करता येते.