विश्लेषण : हिवाळी पाहुणे पक्षी परत जातात कधी? मार्च-एप्रिलच्या नोंदी का महत्त्वाच्या?

नागपूर : नोव्हेंबरमध्ये तलावांवर कॅमेरे घेऊन जमणारे पक्षीनिरीक्षक मार्च उजाडला की पांगतात. ऊन चढते, पाणी आटते आणि ‘आता काय दिसणार’ म्हणत दुर्बिणी कपाटात जातात. नेमके तेव्हाच हिवाळी पाहुणे परत निघालेले असतात.

परतीचा प्रवास दिसत का नाही?

पावसाळ्यानंतर येणारे थवे मोठे असतात, कारण त्यात त्या वर्षीची पिल्लेही असतात. भरलेली तळी पाहून ते उतरतात, मुक्काम करतात. परतताना संख्या घटलेली असते, काठ कोरडे असतात आणि अनेक पक्षी रात्रीच, उंचावरून निघून जातात. शिवाय सगळे एकदम निघत नाहीत. हिमालय ओलांडताना ७ हजार मीटरहून अधिक उंची गाठणारे पट्टकादंब हंस लवकर जातात. धोबी, माळभिंगरी एप्रिलपर्यंत रेंगाळतात.

इतवारीतून काय पाहता येईल?

धान्याच्या ठोक बाजारामुळे इथे कबुतरांचीच सद्दी. तरीही सकाळी सहा ते आठ गच्चीवर थांबायला हरकत नाही. त्यानंतर नागपूरचे ऊन थांबू देत नाही. पाणपक्षी पाहायचे तर रमण विज्ञान केंद्रासमोरचा गांधीसागर जवळच आहे.

या दिवसांतला खरा पाहण्यासारखा पक्षी म्हणजे भोरडी. ज्वारीच्या शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही, तो गोफण घेऊन तयारच असतो. वसंतात मात्र ती पळस आणि काटेसावरीच्या फुलांतला मध पिताना, वड-पिंपळाची फळे खाताना दिसते. थंडीत मळकट वाटणारा तिचा रंग आता खुलतो. त्यासाठी नवी पिसे येत नाहीत, जुन्या पिसांची फिकट टोके झिजतात आणि खालचा गुलाबी उघडा पडतो. मध्य आशियात पोहोचली की हीच भोरडी टोळ फस्त करते. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आवरण्यासाठी तिला मुद्दाम घरटी बांधून दिली जातात.

मग अडचण कुठे आहे?

राज्याचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांच्या दरम्यानचा. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत. म्हणजे मोजणीचे मोठे उपक्रम थंडीत येतात, परतीच्या महिन्यांत पाहणारेच कमी. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालात दीर्घकालीन कल काढता आलेल्या ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के घटल्याचे आढळले. हा अहवाल सामान्य निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर टाकलेल्या नोंदींवरच उभा आहे. पक्षी आता लवकर निघू लागलेत का, हे सांगायचे तर वर्षानुवर्षांच्या शेवटच्या दर्शनाच्या तारखा हव्यात.

नोंद कशी करावी?

ठरलेली जागा, ठरलेली वेळ, किमान १५ मिनिटे. दिसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कबुतरसुद्धा. कालपर्यंत दिसणारी भोरडी आज यादीत नसेल, तर तीही माहितीच. म्हणून कंटाळवाण्या सकाळीही यादी पूर्ण भरावी.