अलाइनमेंटचे ५०० वाचवले, टायरचे ७,५०० गेले!

धंद्यात गाडी असेल तर हे तुमच्यासाठी. आमची व्हॅन मुंबईहून माल घेऊन कसारा घाट चढून नाशिकला येते. अलाइनमेंट पुढे ढकलत राहिलो आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले. तेव्हा मापायला शिकलो.

सपाट फरशी, हवा सारखी, स्टिअरिंग सरळ. गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा. पुढच्या दोन्ही टायरच्या समोरच्या बाजूला, एकाच उंचीवर, मधल्या खाचेत खडूने खूण करा. दोघांनी टेप धरून अंतर मोजा. मग चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकला; खुणा मागे गेल्या की पुन्हा मोजा. फरक म्हणजे ‘टो’. मागचं माप कमी भरलं तर चाकं पुढून फाकलीत, आतली कड झिजणारच. किती फरक चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. (कॅम्बर टेपने कळत नाही.)

टाय रॉड स्वतः फिरवायचा का? मी नाही फिरवत. लॉकनट सैल राहिला तर घाटात जिवावर बेतेल. मी वहीत माप लिहून मशीनवाल्याकडे जातो, आणि ‘आधी-नंतर’चा प्रिंट हातात आल्यावरच पैसे देतो.